उंबरं चिरणारा आमोस

पोरहो, उंबर फोडलं की किडे निघतात म्हणून तोंडं वाकडी करू नका. त्या किड्यांवाचून सिपना नदीच्या काठचं हे झाडच उभं राहिलं नसतं. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात. दिसणार कसं? शेकडो फुलं फळाच्या पोटात, आतल्या भिंतीला चिकटून असतात. आत जायला वाट एकच, देठाच्या विरुद्ध टोकाला खवल्यांनी झाकलेलं भोक. गांधीलमाशीच्या कुळातली, तिळाहून लहान माशी त्यातून घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात, म्हणजे परत येणं संपलंच. सोबत आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. पिल्लांत आधी नर निघतात, बिनपंखी. माद्यांशी गाठ पडली की ते फळाची भिंत कोरून बोगदा पाडतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन त्या बोगद्यातून उडतात. एक-दोन दिवसांचं आयुष्य, तेवढ्यात वासावरून दुसरं उंबर गाठायचं!

“आबाजी, माशी नसली त?”

तेच सांगतो. आफ्रिकेत याच कुळातलं एक झाड आहे, सायकामोर अंजीर. त्यालाही अशीच खोडाफांद्यांवर फळं लगडतात. ते झाड इजिप्त, पॅलेस्टाइनपर्यंत पोचलं, परागमाशी मात्र मागेच राहिली. म्हणून तिथं त्याला बी धरत नाही, नवं झाड हवं तर फांदी लावावी लागते. वर आणखी एक दुसरीच माशी फळांत अंडी घालते. ती परागाचं काम करत नाही, फळ मात्र नासवते. माणसानं तोड काढली. कच्च्या फळाला चाकूनं चीर द्यायची. चीर पडली की फळ इथिलीन वायू सोडतं, भराभर फुगतं आणि तीन-चार दिवसांत, माशी बाहेर पडायच्या आत, गोड होतं. ग्रीक पंडित थिओफ्रास्टसनं हे लिहून ठेवलंय, आणि इजिप्तच्या थडग्यांत चीर दिलेली वाळकी फळं सापडली आहेत.

हा धंदा करणारा एक माणूस सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. नाव आमोस, गाव तकोवा, यरुशलेमच्या दक्षिणेला डोंगरावर. घरची मेंढरं होती. पण तकोव्याच्या थंडीत ते झाड होत नाही, ते खालच्या उबदार भागातलं. म्हणजे आपल्या मेळघाटातले कोरकू जसे कामाला खाली वऱ्हाडात उतरतात, तसा तोही उतरत असणार. हा माझा तर्क, पण अभ्यासकही असंच म्हणतात.

हा माणूस उत्तरेच्या इस्राएल राज्यात, बेथेलच्या देवस्थानात जाऊन उभा राहिला. दुसऱ्या यराबाम राजाचा भरभराटीचा काळ होता. राजधानी शोमरोनच्या श्रीमंतांकडं हस्तिदंताचं नक्षीकाम असे. आमोसनं त्यावर टीका केली, आणि विसाव्या शतकातल्या उत्खननात ते हस्तिदंत खरंच हाती आलं. पण त्याचा खरा राग मापावर. धान्य द्यायचं माप लहान, पैसे घ्यायचं वजन जड, तराजू खोटा, गव्हात भुसा आणि जोडाभर चपलांसाठी गरिबाची विक्री. तुमचे सण, तुमची भजनं देवाला नकोत, आधी न्याय वाहता करा, असं तो म्हणाला. आठवडी बाजारात माप मारणारा दुकानदार पाहिला की मला आमोस आठवतो.

“मंग त्याले हाकललं असन!”

हाकललंच. तिथला याजक अमस्यानं राजाला कळवलं की हा फितुरी करतोय, आणि याला सांगितलं, तुझ्या यहूदा राज्यात पळ, तिथं भविष्य सांगून भाकर खा. आमोस म्हणाला, मी काही पेशानं संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही. मेंढरं राखतो, उंबरं चिरतो, देवानं मेंढरांमागून उचलून मला पाठवलं. राजाच्या भाकरीची त्याला गरज नव्हती, मग तोंड कोण बांधणार?

बायबलमधल्या त्याच्या नावाच्या पुस्तकाच्या आरंभी काळ सांगितलाय तो दोन राजांच्या नावांनी, आणि भूकंपाच्या दोन वर्षं आधी, असा. तो हादरा लोकांच्या मनात इतका रुतला, की कित्येक पिढ्यांनंतर जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातही त्याचा उल्लेख आला. आणि त्याला हाकलणारं ते इस्राएल राज्य इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी बुडवलं.