अप लाईन, डाऊन लाईन आणि पाठीचा कणा

कल्याणहून लोकलने कॉलेजला येणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही : अप गाड्या वेळेवर आहेत म्हणून डाऊनही चालू असतील असं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मित्रांनो, आपल्या मज्जारज्जूतही अशाच दोन लाईनी असतात. पायाची संवेदना मेंदूकडे नेणारी अप आणि मेंदूचा हुकूम पायाकडे नेणारी डाऊन. मेंदू म्हणजे सीएसएमटी धरा. कल्याणला कसारा-कर्जत फुटतात तसे खाली दोन पाय. वाकडा कणा सरळ करताना सर्जन या रुळांना अगदी खेटून स्क्रू बसवतो. पेशंट भुलीत. मध्येच लाईन तुटली तर सांगणार कोण?

डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमधल्या मुलीचं असं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिच्या आईने मला विचारलं, "चालेल ना रे ती?" मी इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणून मला! तेव्हा जे वाचलं ते इथे देतोय.

१९७३ साली फ्रान्समधल्या स्टॅग्नारा आणि सहकाऱ्यांनी 'वेक-अप टेस्ट' मांडली. ऑपरेशनच्या मध्येच भूल हलकी करून पेशंटला पाय हलवायला सांगायचं. चाचणी पक्की, पण त्या क्षणापुरतीच.

आता यंत्र सतत पहारा देतं. अप लाईनसाठी घोट्याजवळच्या नर्व्हला करंटचे पल्स देतात आणि डोक्यावरच्या इलेक्ट्रोडवर उत्तर टिपतात. ते साधारण एका मायक्रोव्होल्टचं, बाकीच्या नॉईजमध्ये बुडालेलं. म्हणून ॲव्हरेजिंग. ४०० वेळा केलं की नॉईज २० पट कमी! गंमत म्हणजे पल्स सेकंदाला ५ न देता ४.७ अशा अडनिड्या दराने देतात. ५० ला ५ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे मेन्सचा ५० हर्ट्झचा हम दर वेळी त्याच फेजमध्ये येऊन बेरजेत ठाण मांडतो.

पण अप लाईन मज्जारज्जूच्या मागच्या भागात, डाऊन पुढे आणि बाजूला. रक्तपुरवठाही वेगळा. अप ठणठणीत असताना डाऊन बंद पडू शकते. म्हणून डोक्यावरून मेंदूला पल्स द्यायचा आणि पायाच्या स्नायूत उत्तर बघायचं. कवटी वीज सहज जाऊ देत नाही. १९८० साली लंडनमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी जास्त व्होल्टेजचा, अगदी छोटा पल्स देऊन हे जमवून दाखवलं. भुलीत एक पल्स पुरत नाही, म्हणून काही मिलिसेकंदांच्या अंतराने चार-पाच देतात. व्होल्टेज शेकड्यांत, पण पल्स जेमतेम ५० मायक्रोसेकंदांचा. जबडा आवळून जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांत बोळा ठेवतात. स्नायू सैल करणारं औषधही टाळावं लागतं, नाहीतर उत्तरच येणार नाही.

सिग्नल पडला तर? बीपी उतरलं असेल, भूल वाढली असेल, इलेक्ट्रोड निघाला असेल, किंवा खरंच स्क्रू टोचत असेल. मशीन फक्त "गाडी आली नाही" एवढं सांगतं. का नाही आली, हे तिथे बसलेल्या माणसाने मिनिटांत ओळखायचं असतं, कारण तेवढ्यात स्क्रू काढला तर पाय वाचू शकतो. त्या काकूंना मी हमी दिली नाही. कोणी तरी सतत बघत असेल, एवढंच सांगितलं.

तेव्हा ॲव्हरेजिंगचं लेक्चर बंक करण्याआधी जरा विचार करा!