श्रीरंगपट्टणची दफनभूमी: दगडावर नावे कोणाची?

म्हैसूरहून बंगळूरच्या दिशेने निघाल्यावर सुमारे १५ किलोमीटरवर कावेरीच्या दोन प्रवाहांनी वेढलेले श्रीरंगपट्टण लागते. दर्या दौलत बाग, हैदर अली व टिपू सुलतान यांचा गुंबज आणि श्रीरंगनाथाचे मंदिर पाहण्यासाठी येथे पर्यटकांची सतत वर्दळ असते. मुख्य रस्त्यापासून थोड्याच अंतरावर, नदीकाठी असलेल्या एका भिंतीआडच्या आवाराकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. ही ब्रिटिश शिबंदीची दफनभूमी असून ती 'गॅरिसन सिमेट्री' या नावाने ओळखली जाते. येथे सुमारे ३०० थडगी आहेत. काही शंकूसारखी निमुळती उंच, काही छत्रीवजा छपराची, तर बहुतेक जमिनीलगतची साधी चौथरेवजा आहेत.

मार्गदर्शक पुस्तिकांत या जागेचे वर्णन बहुधा एका वाक्यात आटोपते: टिपूविरुद्धच्या अखेरच्या लढाईत पडलेल्या गोऱ्या सैनिकांचे हे विश्रांतिस्थान. हे वर्णन सर्वस्वी चुकीचे नसले तरी दिशाभूल करणारे आहे. किल्ल्यावरील निर्णायक हल्ला ४ मे १७९९ रोजी झाला. दफनभूमीची सुरुवात १८०० च्या सुमाराची मानली जाते. तेथे पुरलेली बहुसंख्य माणसे लढाईत नव्हे, तर लढाई जिंकल्यानंतर मरण पावली आणि त्यांत स्त्रिया व मुलेही बरीच होती.

चौथ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात जनरल जॉर्ज हॅरिस याच्या सेनापतित्वाखाली मद्रासचे सैन्य आणि निजामाची फौज पूर्वेकडून श्रीरंगपट्टणवर चालून आली. मुंबई इलाख्याचे सैन्य जनरल जेम्स स्टुअर्टबरोबर कण्णूरहून कोडगूमार्गे पश्चिमेकडून येऊन मिळाले. मे महिन्याच्या आरंभी तोफांनी तटाला खिंडार पाडले. चार तारखेला भर दुपारी एक वाजता मेजर जनरल डेव्हिड बेअर्ड याने कावेरीच्या पात्रातून हल्ला चढविला. हा बेअर्ड पूर्वी याच किल्ल्यात तीन वर्षांहून अधिक काळ बंदिवान होता. हल्ल्याच्या तुकड्यांत चार हजारांहून अधिक माणसे होती. त्यांपैकी सुमारे अडीच हजार युरोपीय आणि उरलेले हिंदी शिपाई. संध्याकाळपर्यंत किल्ला पडला आणि टिपूचा मृतदेह मृतांच्या राशीत सापडला. दुसऱ्या दिवशी लष्करी इतमामाने त्याचे दफन झाले. त्या रात्री मोठे वादळ होऊन मुंबई सैन्याच्या छावणीत वीज पडली व दोन अधिकारी ठार झाले, असे समकालीन वृत्तांतांत नमूद आहे.

मराठी वाचकाला येथे एक प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. १७९२ च्या तहाच्या वेळी हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा याच बेटासमोर तळ देऊन होत्या. मग १७९९ मध्ये मराठे कोठे होते? या युद्धात पेशव्यांचे सैन्य आले नाही. विजयानंतर जिंकलेल्या मुलखाचा काही भाग दुसऱ्या बाजीरावास अटींसह देऊ करण्यात आला, तो त्याने स्वीकारला नाही आणि कंपनी व निजाम यांनी तो आपसांत वाटून घेतला. परंतु पेशव्यांचे निशाण नव्हते म्हणून मराठी माणसेही नव्हती, असा याचा अर्थ होत नाही. त्याकडे पुढे वळू.

स्वित्झर्लंडहून आलेली पलटण

दफनभूमीतील अनेक थडगी 'द म्यूरों रेजिमेंट' या पलटणीशी निगडित आहेत. नाव फ्रेंच, वेतन ब्रिटिश आणि मूळ स्विस, असा हा प्रकार आहे. न्यूशातेल येथील शार्ल-दानिएल द म्यूरों याने ही पलटण १७८१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी उभारली. न्यूशातेल त्या काळी प्रशियाच्या राजाच्या आधिपत्याखाली होते आणि पलटणीतही स्विसांबरोबर जर्मन व इतर युरोपीय मुलखांतील माणसे भरती झाली होती. ठराविक पगारावर परक्या राजाची किंवा व्यापारी कंपनीची चाकरी करणे हा तेव्हाच्या युरोपात राजमान्य व्यवसाय होता. आपल्याकडील पेंढारी किंवा अरब शिबंदीशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो. पण येथे लेखी करार, ठरलेली मुदत आणि पलटणीची मालकी कर्नलकडे, अशी पक्की व्यवस्था होती.

ही पलटण आधी आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील केप येथे आणि नंतर श्रीलंकेत होती. १७९५ मध्ये फ्रेंच क्रांतिसेनेने हॉलंड व्यापले आणि डचांच्या वसाहतींचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. ब्रिटिश सरकारने स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील प्राध्यापक ह्यू क्लेगहॉर्न याला न्यूशातेलला पाठविले. पलटणीचा मालक युरोपात होता, पलटण कोलंबोत होती आणि तेथील प्रमुख त्याचा भाऊ पिएर-फ्रेदरिक होता. क्लेगहॉर्नने मालकाशी करार करून पलटण ब्रिटिशांच्या चाकरीत वळविली. कोलंबोतील भावाला याची वर्दी डच चीजच्या गोळ्यात चिठ्ठी लपवून देण्यात आली, अशी हकीकत सांगितली जाते. फेब्रुवारी १७९६ मध्ये कोलंबो शरण आले. एका प्राध्यापकाने वाटाघाटींनी फिरविलेली ही पलटण तीन वर्षांनी श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात सामील झाली आणि नंतर तेथील शिबंदीचा भाग बनली.

१८०६ मध्ये रेजिमेंटने हिंदुस्थान सोडला. भूमध्य समुद्रातील काही वर्षांनंतर १८१३ मध्ये ती कॅनडात पोहोचली, तेथे अमेरिकेविरुद्धच्या युद्धात लढली आणि १८१६ मध्ये बरखास्त झाली. तिच्यातील काही सैनिक लॉर्ड सेल्कर्कच्या रेड रिव्हर वसाहतीत, म्हणजे आजच्या मॅनिटोबा प्रांतात, गेले. युरोपात भरती झालेल्या एकाच पलटणीची माणसे अशा रीतीने कावेरीकाठी आणि कॅनडाच्या बर्फात विखुरलेली आहेत.

तापाचे बेट

विजयानंतर कंपनीने म्हैसूरची गादी वडियार घराण्याकडे दिली, पण श्रीरंगपट्टणचे बेट स्वतःच्या ताब्यात ठेवले. आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून प्रसिद्ध झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन, येथे अधिकारी होता. लष्करीदृष्ट्या बेट भक्कम होते. आरोग्याच्या दृष्टीने मात्र ते घातक ठरले. सभोवती नदी आणि पाणथळ शेते असल्याने हिवताप सतत डोके वर काढी. हिवतापाचा संबंध डासांशी असल्याचे रोनाल्ड रॉस याने सिकंदराबाद येथे दाखवून दिले ते १८९७ मध्ये, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. तोवर दोष 'वाईट हवे'ला दिला जाई आणि औषधांचा उपयोग बेताचाच होई.

अखेर १८०९ मध्ये कंपनीने मुख्य छावणी उंचावरील, कोरड्या हवेच्या बंगळूरला नेली. आज ज्याला बंगळूर कॅन्टोन्मेंट म्हणतात, त्याचा उगम काही अंशी या बेटावरील तापात आहे, हे बंगळूरकरांनाही क्वचितच ठाऊक असते. दफनभूमीचा वापर मात्र त्यानंतरही चालू राहिला. बेटावर तोफगाड्यांचा कारखाना होता. त्याचा प्रमुख कर्नल स्कॉट याचा बंगला नदीकाठी असून त्याच्याभोवती पटकीने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबाची एक करुण आख्यायिका रचली गेली आहे. आख्यायिकेतील सगळेच तपशील इतिहासाला मान्य होणारे नाहीत. ती रुजावी असे वातावरण मात्र येथे खासच आहे.

शिपाई कोठे आहेत?

ही ख्रिस्ती दफनभूमी असल्याने हिंदी शिपायांची नावे येथे असण्याचे कारणच नव्हते. त्यांचे अंत्यसंस्कार ज्याच्या त्याच्या रीतीने झाले आणि त्यांच्यामागे दगड उभे राहिले नाहीत. मुंबई सैन्याच्या पलटणींत कोकण व देशावरील मराठा, महार, मुसलमान आणि बेने इस्रायल अशा अनेक समाजांची माणसे असत. श्रीरंगपट्टणला पोहोचण्यापूर्वीच, ६ मार्च १७९९ रोजी कोडगूच्या सीमेवरील सिद्धेश्वर येथे, टिपूच्या मोठ्या फौजेचा हल्ला मुंबईच्या याच शिपायांनी परतविला होता.

त्यांच्या वाट्याला आले ते पदक. कंपनीने या विजयासाठी खास पदक पाडून घेतले. त्याच्या एका बाजूस वाघाला लोळविणारा सिंह आहे. वाघ हे टिपूचे चिन्ह होते, हे वेगळे सांगावयास नको. सेनापतीस सोन्याचे, खालच्या अधिकाऱ्यांस दर्जाप्रमाणे मुलाम्याचे किंवा चांदीचे आणि साध्या शिपायास कथिलाचे, अशी पदकांची उतरंड होती.

बेळगाव येथे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पूर्वीच्या पलटणींकडे 'श्रीरंगपट्टण' हा रणसन्मान होता. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने हिंदी राज्यांविरुद्धच्या लढायांचे सन्मान राष्ट्रभावनेशी विसंगत ठरवून बाजूस ठेवले, त्यांत याचाही समावेश झाला. निर्णय योग्यच होता, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. त्याचा एक परिणाम असा की, या शिपायांना स्मरण्याचे उरलेसुरले औपचारिक निमित्तही संपले. टिपूच्या बाजूने पडलेल्यांची स्थिती याहून वेगळी नाही. ब्रिटिश वृत्तांत त्यांची संख्या हजारांत सांगतात. गुंबजात सुलतानाचे घराणे आहे, तटावर मेलेला बंदूकवाला कोठेच नाही. खिंडाराजवळ म्हैसूर सरकारने १९०७ मध्ये उभारलेला स्मारकस्तंभ आहे, पण तो जिंकणाऱ्या सैन्याच्या मृतांसाठी आहे.

मुंबई सैन्यातील एका माणसाचे नाव मात्र भलत्याच ठिकाणी टिकले. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात कैद झालेला बेने इस्रायल अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझेकिएल, सुखरूप परतल्यास प्रार्थनास्थळ बांधण्याचा नवस बोलला होता, असे त्या समाजात सांगितले जाते. १७९६ मध्ये त्याने मुंबईत 'शार हाराहमीम', अर्थात दयेचे द्वार, हे सिनेगॉग स्थापन केले. मांडवीतील सॅम्युएल स्ट्रीट त्याच्याच नावाने ओळखली जाते. बेने इस्रायल लोक सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. त्यावरूनच उपनगरी रेल्वेच्या मशीद स्थानकाला नाव मिळाले, असेही मानले जाते.

देखभाल कोणाची?

पुण्याजवळ खडकी येथील युद्धदफनभूमी पाहिलेल्यांना श्रीरंगपट्टणची अवस्था खटकते. खडकीत दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी असून हिरवळ, एकसारखे दगड आणि प्रत्येकावर कोरलेली अक्षरे नीट राखलेली दिसतात. याचे कारण सरळ आहे. खडकीची जबाबदारी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे आहे आणि या संस्थेचे कार्यक्षेत्र दोन महायुद्धांपुरते मर्यादित आहे. १७९९ किंवा १८०५ मध्ये मेलेला सैनिक तिच्या कक्षेत येत नाही. ज्या कंपनीने त्याला आणले ती १८७४ मध्ये विसर्जित झाली.

अशा दफनभूमींच्या नोंदी ठेवण्यासाठी १९७६ मध्ये लंडन येथे दक्षिण आशियातील दफनभूमींविषयीची एक संघटना स्थापन झाली. श्रीरंगपट्टणमध्ये प्रत्यक्ष डागडुजी झाली ती मात्र द म्यूरों घराण्याच्या वंशजांनी रस घेतल्यामुळे. त्यांच्या साहाय्याने झाडोरा हटविण्यात आला आणि ढासळलेली थडगी पुन्हा बांधून त्यांना गिलावा करण्यात आला.

ही कामे एकदा करून संपणारी नसतात. विटा व चुन्याच्या बांधकामात पिंपळाचे बी रुजले की दोन पावसाळ्यांत मूळ आतवर जाते. चुन्याच्या थडग्यांवर नाव वेगळ्या पाटीवर कोरून बसविलेले असते. ती पाटी निखळली किंवा कोणी काढून नेली की मागे केवळ एक चौकोनी खोबण उरते. दुरुस्तीत खोबण बुजविता येते, थडगे पांढरेशुभ्र करता येते. पाटीवर काय लिहिले होते, हे मात्र तेव्हा ज्याने उतरवून घेतले असेल, त्याच्या वहीतच सापडू शकते.