व्हिडिओ संपादनासाठी संगणक निवडताना

स्नेहसंमेलने, निरोप समारंभ आणि वसतिगृहातील ज्येष्ठांनी सांगितलेल्या आठवणी यांची चित्रणे आज अनेकांच्या मोबाइलमध्ये विखुरलेली आहेत. ती एकत्र करून संपादित करावीत, असे माजी विद्यार्थ्यांना वाटते आणि मग प्रश्न येतो तो संगणकाचा. दुकानात प्रथम ग्राफिक्स कार्डाची चर्चा होते. आमच्या मते पहिला विचार साठवणुकीचा व्हावा.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केलेले फोर-के चित्रण तासाला ४५ गिगाबाइट जागा घेते. दहा ज्येष्ठांच्या प्रत्येकी दोन तासांच्या मुलाखती घेतल्या, तर ९०० गिगाबाइट होतात. म्हणजे एक टेराबाइटची डिस्क जवळजवळ भरली. शिवाय हे चित्रण एकाच ठिकाणी ठेवून चालत नाही. बोलणारी व्यक्ती उद्या आपल्यात नसेल, तर गेलेली मुलाखत कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. चालू कामासाठी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घ्यावी. जतनासाठी मात्र साध्या हार्ड डिस्क दोन घ्याव्यात. त्या स्वस्त पडतात आणि वीजपुरवठ्याविना दीर्घकाळ ठेवण्यास एसएसडीपेक्षा अधिक भरवशाच्या असतात.

पुष्कळदा डिस्क वेगवान असूनही चित्र अडखळते. याचे कारण चित्रणाच्या संक्षेपात आहे. एच.२६४ आणि एचईव्हीसी या पद्धतींत बहुतेक चौकटी पूर्ण साठवल्या जात नाहीत. शेजारच्या चौकटीपेक्षा जे बदलले तेवढेच नोंदले जाते. त्यामुळे मधलीच एक चौकट दाखवण्यासाठी आधीच्या अनेक चौकटी उलगडाव्या लागतात. हे काम करणारी स्वतंत्र यंत्रणा इंटेलच्या प्रोसेसरांतील ग्राफिक्समध्ये असते. तिला क्विक सिंक म्हणतात. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरांत हे ग्राफिक्सच नसते, आणि थोडी किंमत वाचते म्हणून नेमका तोच प्रोसेसर गळ्यात मारला जातो! कॅमेरा ४:२:२ दहा-बिट एचईव्हीसी चित्रण करीत असेल, तर अधिक सावध राहावे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेपूर्वीच्या कार्डांत ते उलगडण्याची सोय नाही.

रॅम १६ गिगाबाइटपेक्षा कमी नको. फोर-केसाठी ३२ बरी. लॅपटॉप घेणाऱ्यांनी रॅम पुढे वाढवता येते का, हे आधीच विचारावे, कारण अनेकांत ती मदरबोर्डावरच जोडलेली असते.

एवढा खर्च झेपत नसेल, तर जुन्या संगणकावरही काम होते. दाविंची रिझॉल्व्हच्या विनामूल्य आवृत्तीत मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती करता येतात; त्यांना प्रॉक्सी म्हणतात. संपादन त्यांवर करायचे आणि अंतिम व्हिडिओ मूळ चित्रणातून काढायचा. वेळ अधिक लागतो, गुणवत्ता मात्र घटत नाही. यातून वाचलेल्या पैशांत प्रथम यूपीएस घ्यावा. दोन जतन-डिस्कपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी, आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्याखेरीज मोबाइलमधील मूळ चित्रण पुसू नये.