ह्यूस्टनचा विद्यार्थी आणि आपल्या दुकानाची वेबसाइट

घाटंजीसारख्या कापसाच्या गावातली आपली मुलेही आता यवतमाळ-अमरावतीला संगणकाची तालीम घेतात आणि ‘अब्बा, दुकानाची वेबसाइट काढतो’ म्हणतात. व्यापारी बंधूंनी हसण्याआधी अमेरिकेच्या मॅट मुलेनवेगची हकीकत ऐकावी.

वडील प्रोग्रॅमर. मुलगा सॅक्सोफोन वाजवणारा, फोटोंचा शौकीन, ह्यूस्टन विद्यापीठात राज्यशास्त्र शिकणारा. तो ‘बी-टू’ नावाच्या मोफत प्रोग्रॅमवर आपले लेख चढवीत असे. त्याचा कर्ता मिशेल वाल्ड्रिघी काम सोडून गप्प झाला. उस्ताद निघून जावा आणि मागावर अर्धे कापड राहावे, तशी गत! जानेवारी 2003 मध्ये मॅटने जाहीर केले की हे काम मी पुढे नेऊ इच्छितो. इंग्लंडच्या माइक लिटलने साथ दिली. 27 मे 2003 रोजी ‘वर्डप्रेस’ बाहेर आले, तेव्हा मॅट 19 वर्षांचा होता. पुढे त्याने कॉलेज अर्धवट सोडले, तेवढे मात्र आपल्या मुलांनी उचलू नये.

परवाना असा की कोणीही फुकट घ्यावे, बदलावे, वाटावे. आज जगातल्या 10 वेबसाइटींपैकी सुमारे 4 त्यावर चालतात. उर्दू-मराठीतही ते मिळते.

तेव्हा कोणी ‘सॉफ्टवेअरची किंमत’ म्हणून हजारो मागितले, तर कशाची ते विचारा. मेहनताना मात्र पुरता द्या, मुलगा घरचा असला तरी. जागेचे भाडे आणि नावाची वार्षिक फी वेगळी. नावाची नोंदणी दुकानमालकाच्याच नावे हवी. आपल्या गाळ्याचा करारनामा आपण दुसऱ्याच्या नावे करतो काय?