अवलियाला मुभा, बाईला जाब

बुलढाणा जिल्ह्यात माणसाच्या दिसण्याचा निवाडा कसा होत आला, हे पाहायचे तर सुरुवात १८७० च्या सुमारापासून करावी लागते. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होते. मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी जिल्ह्याच्या उत्तर भागातून गेली आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावच्या कापूसबाजाराला फाटाही जोडला गेला. तोवर गावात कोणी काय ल्यायचे हे ठरलेले होते. पागोट्याच्या बांधणीवरून, लुगड्याच्या काठावरून आणि हातातल्या कड्यावरून जात, ऐपत आणि सवाष्णपण ओळखू येई. ज्याने त्याने आपल्या पायरीला साजेसे दिसायचे, हा गावगाड्याचा अलिखित करार होता. रेल्वे, कचेरी आणि बाजार यांनी तो विस्कटला. अनोळखी माणसे एका डब्यात शेजारी बसू लागली, कारकुनाच्या अंगात कोट आणि पायांत बूट आले. या उलथापालथीचा पुढचा दीडशे वर्षांचा इतिहास जुने जाऊन नवे आल्याचा म्हणून सांगितला जातो. तो मला पुरता पटत नाही. मला दिसते ते असे की वेगळे दिसण्याची मुभा या समाजात नेहमीच होती. फक्त ती ज्याला मिळाली, त्याने तिची किंमत क्वचितच भरली. ती वसूल झाली ती दुसऱ्याच कोणाकडून.

या मुभेचे सर्वात ठळक उदाहरण जिल्ह्याच्या श्रद्धेच्या केंद्रस्थानीच आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात गजानन महाराज प्रथम दिसले, ते देविदास पातूरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या पत्रावळींवरचे उष्टे अन्न वेचताना. बंकटलाल अगरवालांनी त्यांच्यातले अवलियापण ओळखले, हे शेगावात लहान मुलालाही ठाऊक आहे. १९१० मध्ये समाधी घेईपर्यंत महाराज बहुतेक काळ दिगंबरच वावरले. दासगणूंच्या 'गजानन विजय'मध्ये यासंबंधीचा एक प्रसंग आहे. मलकापूरला जाताना महाराज आगगाडीत बायकांच्या डब्यात जाऊन बसले, तक्रार झाली आणि प्रकरण जठार नावाच्या अधिकाऱ्यापुढे गेले. महाराजांना धोतर नेसवून नेण्याची खटपट झाली, पण वस्त्र अंगावर राहिले नाही. अधिकाऱ्याने त्यांचा अधिकार ओळखून आदर केला आणि दंड ठोठावला तो सोबतच्या शिष्याला. पोथीत ही कथा संताचा महिमा म्हणून येते आणि भाविकाने ती तशीच वाचावी. सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचली तर मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट सापडते. कायदा रद्द झाला नाही, नियमही मोडीत निघाला नाही. एकाला सूट मिळाली आणि दंडाची पावती दुसऱ्याच्या नावाने फाटली.

महाराज शेगावात प्रथम दिसले त्यानंतर चारच वर्षांनी याच जिल्ह्यातल्या एका बाईने हा हिशेब छापून मांडला. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे. सुरतेकडील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली (पुढे ती सौम्य करण्यात आली) आणि त्या निमित्ताने 'पुणे वैभव'सारख्या पत्रांनी बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर म्हणून १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यात छापली गेली. या निबंधात कपड्यांचा आणि केसांचा विषय तोंडी लावण्यापुरता येत नाही, तो युक्तिवादाच्या मुळाशी आहे. पुरुषांनी पाटलोण, बूट, विलायती खाणेपिणे सगळे उचलले, तेव्हा धर्म बुडाल्याची ओरड झाली नाही. मग धर्म राखण्याचा भार बाईच्याच अंगावर का, असा त्यांचा रोख आहे. नवरा मेला की बाईचे केस जातात, दागिने उतरतात आणि तिने तोंड दाखवू नये अशी अपेक्षा असते. बायको मेलेल्या पुरुषाने दाढीमिशा उतरवून रानात जाऊन का राहू नये, असा उलटा सवाल ताराबाई टाकतात. घरातला पुरुष साहेबासारखा दिसू लागला, म्हणून घराचे जुने रूप जपण्याची जबाबदारी घरातल्या बाईवर दुप्पट पडली, हे त्यांनी नेमके हेरले होते. या पुस्तकाचे स्वागत कुचेष्टेने झाले. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशित करेपर्यंत हा निबंध जवळजवळ विस्मरणात होता.

सुधारणेची चळवळ पुढे सरकली, तसा हा प्रश्न सुटत गेला असे म्हणायला आधार आहे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला. ज्यांच्या हातून हा निवाडा अमलात यायचा, त्यांनीच हात आखडता घेतला, म्हणून या घटनेचे मोल मोठे. पण सुधारणाही अनेकदा हुकमाच्या सुरात आली. शेजारच्या अकोल्यात शिकलेल्या गोपाळ गणेश आगरकरांच्या एका निबंधाचे नावच 'स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत' असे आहे. हेतू बाईच्या आरोग्याचा आणि सोयीचा, तरी 'च' त्यातही आहे. याच्या शेजारी डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी महाडला अस्पृश्य स्त्रियांना केलेले आवाहन ठेवले, तर फरक कळतो. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, कोपरापर्यंतची कडी आणि गळ्यातल्या गळसऱ्यांचा भार टाकून द्या, असे त्यांनी सांगितले, कारण त्या खुणांवरून अस्पृश्यता दुरून ओळखू येई. इथे पेहराव बदलणे ही हौस नव्हती, लादलेली पाटी पुसून टाकण्याची कृती होती. म्हणूनच नीटनेटके कपडे घातलेला, मिशीला पीळ दिलेला दलित तरुण गावाच्या डोळ्यांत खुपत राहिला. सवर्णाने तसे दिसणे म्हणजे रुबाब, त्याने दिसणे म्हणजे माज.

जिल्ह्याच्या दक्षिणेला, मेहकर-लोणारच्या बाजूला, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. त्यांच्या स्त्रियांचा वेश म्हणजे आरसे, कवड्या आणि भरतकामाने भरलेली काचळी, घेरदार फेटिया, केसांत घुगरी आणि दंडभर बलिया. समाजशास्त्रज्ञांच्या लेखी ही समृद्ध परंपरा असेल, पण गावच्या बाजारात, दवाखान्यात आणि शाळेच्या फाटकात तीच मागासपणाची खूण ठरली. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली आला आणि १९५२ मध्ये गेला, तरी महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत असलेल्या या समाजाकडे संशयाने पाहण्याची सवय कायद्याबरोबर गेली नाही. तरुण बंजारा बायकांनी साडी नेसायला घेतली, त्यामागे सोय, किंमत आणि आवड ही कारणे होतीच, पण लोकांच्या नजरेचा वाटाही मोठा होता. नवरात्रात मात्र तेच आरशांचे काम आणि त्याच कवड्या शहरांतल्या दुकानांत महाग भावाने विकल्या जातात आणि गरब्याला ते घालून जाणाऱ्या मुलीला कोणी तांड्यावरची म्हणून हिणवत नाही. तीच नक्षी एकीच्या अंगावर हौस ठरते, दुसरीच्या अंगावर ओळखपत्र. गोंदणाचेही तसेच. आजीच्या कपाळावरचे आणि हातावरचे हिरवे ठिपके अडाणीपणाचे वाटू लागले होते, तेवढ्यात खामगाव-बुलढाण्याच्या तरुणांच्या दंडावर टॅटू आले.

या साऱ्याचा कस लागला तो अगदी अलीकडे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस काही दिवसांतच मुठीने गळू लागले. नांदुऱ्याच्या बाजूलाही रुग्ण निघाले आणि बाधितांची संख्या पावणेतीनशेच्या आसपास गेली. त्यांत मुले होती, म्हातारी माणसे होती, कॉलेजच्या मुली होत्या. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर आधी संशय आला, पुढे आयसीएमआरची पथके येऊन गेली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमच्या भरमसाट प्रमाणाकडे बोट दाखवले. वैद्यकीय कारणाइतकीच महत्त्वाची होती ती सामाजिक प्रतिक्रिया. प्रसारमाध्यमांनी 'टक्कल व्हायरस' असे नाव दिले. संसर्गाचा पुरावा नसतानाही लोक या गावांपासून अंतर ठेवू लागले. मुलामुलींनी शाळा-कॉलेज टाळले आणि सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. इथे कोणी बंडखोर फॅशन केलेली नव्हती, कोणी रूढी मोडलेली नव्हती. वडील वारल्यावर मुलाने केलेले मुंडन आदराला पात्र ठरते, नवसाने उतरवलेले केस पुण्याचे ठरतात. विधवेचे मुंडन एके काळी सक्तीचे होते आणि आजाराने आलेले टक्कल कुचेष्टेचे झाले. चारही डोकी सारखीच दिसतात. म्हणजे निवाडा केसांचा नसतो. केस नसलेल्या माणसावर त्या घडीला कोणाचा हक्क सांगितला जातो, याचा तो असतो.

यावर पहिला आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येईल. संताची तुलना लौकिक माणसाशी कशी करता, असे विचारले जाईल. ज्याने देहभानच सोडले, त्याला वस्त्राचा नियम लागू होत नाही, ही परंपरेची भूमिका आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पण मग परंपरेने ती सूट बाईला किती वेळा दिली, हेही पाहावे लागेल. बाराव्या शतकातली कर्नाटकातली अक्का महादेवी वस्त्र टाकून निघाली, तरी तिने केसांनी देह झाकल्याचे वर्णन तिच्या कथेला चिकटूनच येते. विरक्तीतसुद्धा बाईच्या देहाला पांघरूण शोधले गेले. शिवाय अवलियाला सूट मिळते ती त्याचे अवलियापण ओळखले गेल्यावर. तोवर तो पिसाच असतो, पोरे त्याच्या मागे लागतात. नियम माणसाकडे पाहून वाकू शकतो, हे परंपरेनेच इथे दाखवून दिले आहे. मग तो कोणासाठी वाकत नाही, हे विचारणे श्रद्धेचा अवमान ठरत नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. शाळा, कचेरी, देऊळ यांना काही मर्यादा नकोत का? हव्यात, आणि त्या असतातही. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि चपला घालून न येण्याची सूचना काढली. ती आवडो न आवडो, ती लेखी होती, जाहीर होती, तिच्यावर उघड चर्चा करता आली. यंत्रावर काम करणाऱ्याने सैल उपरणे घेऊ नये, शस्त्रक्रियेच्या खोलीत केस झाकावेत, हे नियम कामातून आलेले असतात आणि सगळ्यांना सारखे लागतात. पारावरच्या आणि बैठकीतल्या निवाड्याला यातले काहीच लागू पडत नाही. तो कधी लिहिलेला नसतो, त्याला अपील नसते आणि कपड्यावरून तो थेट चारित्र्यावर उडी घेतो. रंगवलेल्या केसांचा पोरगा वाया गेलेला, कानात बाळी घातलेला संशयास्पद आणि फाटक्या जीन्समधली मुलगी हाताबाहेर गेलेली, असे ठरवायला पुरावा लागत नाही. पूर्वीच्या प्रतिष्ठित पुरुषांच्या कानात भिकबाळी मिरवत असे, याची आठवणही तेव्हा कोणाला होत नाही. नुसत्या बोलण्याने काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे की लग्न, भाड्याची खोली, रोजगार आणि वर्गातली जागा या गोष्टी आपल्याकडे अशा बोलण्यावरच ठरतात.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे. काळ बदलला, आता कोण कोणाला हटकते? बदल खरा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. केशवपन गेले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. याच जिल्ह्यातले सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. तिथल्या मिरवणुकांत आता नऊवारीवर फेटा बांधलेल्या स्त्रिया दिसतात, तेव्हा बाईने पुरुषाचे शिरोभूषण घातले म्हणून कोणी नाक मुरडत नाही. पण हा फेटा मान्य झाला तो अभिमानाच्या छत्राखाली, गावाने आखून दिलेल्या दिवशी. तीच मुलगी दुसऱ्या दिवशी मानेपर्यंत केस कापून कॉलेजला गेली, तर कोणत्या छत्राखाली जाणार? समूहाच्या गौरवासाठी वेगळे दिसणे आता चालते. स्वतःच्या मर्जीने वेगळे दिसणे अजून खटकते. आणि दिसणे मर्जीचे नसून आजाराचे असले तरीही सुटका होत नाही, हे शेगाव तालुक्याने नुकतेच पाहिले. बदल झाला आहे तो मुभेच्या यादीत. ती यादी कोणी करायची, हा अधिकार बहुतांशी जागच्या जागी आहे.

म्हणून या मागोव्यातून निघणारी मागणी सगळे नियम मोडीत काढण्याची नाही. दिसण्यावरच्या प्रत्येक नियमाला दोन प्रश्न विचारता यावेत, एवढीच ती आहे: हा नियम सगळ्यांना सारखा लागतो का, आणि एकाला सूट दिली की तिची भरपाई दुसऱ्याकडून होते का? पहिल्याचे उत्तर नाही आणि दुसऱ्याचे हो असेल, तर तो नियम सभ्यतेचा उरत नाही, मालकीचा होतो. ठराव करून बांगड्या वाचवता येतात, हे हेरवाडने दाखवले. टोमणे ठरावाने थांबत नाहीत, पण टोमणा मारणाऱ्याला तिथल्या तिथे कारण विचारणे शिक्षकाला जमते, सरपंचाला जमते, मुलाकडच्या पाहुण्यांना जमते आणि सासूलाही जमते. आजवर वेगळे दिसणाऱ्याने खुलासा द्यायचा आणि नावे ठेवणाऱ्याने मोकळे राहायचे, अशी वहिवाट होती. कारण देण्याची पाळी आता नावे ठेवणाऱ्यावर यायला हवी.