भट्टीलेप
मृत्पात्रे भाजण्याच्या भट्टीतील मांडणीच्या फळ्या व आतील विटा यांवर देण्यात येणारे उच्चतापसह पदार्थांचे संरक्षक आवरण. ओघळलेली झिलई फळीला चिकटल्यास पात्र व फळी दोन्ही निकामी होतात. हे टाळण्यासाठी केओलीन व ॲल्युमिना (वितळबिंदू सु. २,०५०° से.) समभाग घेऊन पाण्यात साईसारखे कालवतात आणि कुंचल्याने पातळ थर देऊन वाळवतात. कच्चे केओलीन आकसल्याने लेपाला तडे जातात. म्हणून त्याचा काही भाग आधी भाजून घेतात. फळीच्या खालच्या बाजूस लेप देत नाहीत. कारण त्याच्या सुटलेल्या खपल्या खालील पात्रांच्या झिलईत रुततात. मिठाची झिलई देण्याच्या भट्टीत सु. १,२००°–१,३००° से. तापमानास सोडियमयुक्त वाफेची सिलिकेशी विक्रिया होऊन काच बनते. त्यामुळे तेथे सिलिकेचा लेप स्वतःच वितळतो. ॲल्युमिनाचे प्रमाण अधिक असलेला लेपच टिकतो.