खिचडी थंड होताना : अवकल समीकरणातली ‘बदली’



मी डी.एड. झालेला, जिल्हा परिषद शाळेत लहान वर्गांना शिकवणारा शिक्षक. मग अवकल समीकरणांवर, म्हणजे तुमच्या डिफरन्शियल इक्वेशनवर, मी कशाला लिहितोय? कारण आमच्या अर्जुनी मोरगाव भागातली पोरं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि अकरावी सायन्सला गणित एकदम इंग्रजीतून समोर येतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी बारावीचं पुस्तक घेऊन घरी आली. म्हणाली, “गुरुजी, हा धडा ऑप्शनला टाकते. प्रत्येक गणितात ‘पुट यू इक्वल टू’ लिहिलंय. हा यू येतो कुठून, तेच कोणी सांगत नाही.”

प्रश्न बरोबर होता. बारावीनंतर इतक्या वर्षांनी मलाही पुस्तक पुन्हा उघडावं लागलं.

आपण शाळेच्या खिचडीपासून सुरू करू. समजा ताटात वाढलेली खिचडी ९० अंश सेल्सिअस आहे, बाहेरची हवा ३० अंश. दहा मिनिटांनी खिचडी ६० वर आली. आणखी दहा मिनिटांनी किती? बहुतेक जण म्हणतील ३०, कारण आधी ३० उतरले ना! पण तसं होत नाही. न्यूटनने १७०१ मध्ये मांडलेला नियम असा की थंड होण्याचा वेग खिचडी हवेपेक्षा जितकी जास्त गरम असेल, त्या प्रमाणात असतो. (झाकलेल्या गंजात हा हिशेब इतका सरळ चालत नाही, म्हणून ताट घेतलं.) तापमान थीटा आणि वेळ टी धरली तर :

डीथीटा/डीटी = −के (थीटा − ३०)

यात त्रास देणारी गोष्ट कोणती? कंसातली वजाबाकी. आणि खरं तर निसर्गही त्या फरकाकडेच बघतोय, ९० च्या आकड्याकडे नाही. म्हणून त्या फरकालाच नाव द्या : यू = थीटा − ३०. तीस स्थिर आहे, त्यामुळे डीयू/डीटी आणि डीथीटा/डीटी एकच. उरलं डीयू/डीटी = −के यू. म्हणजे समान वेळेत यू समान पटीने कमी होतो. यू आधी ६० होता, दहा मिनिटांत ३० झाला, निम्मा. पुढच्या दहा मिनिटांत १५. म्हणून खिचडी ३० + १५ = ४५ अंशांवर. त्यापुढे ३७.५. पाहा, तिसरीतल्या पोरालाही निम्मं करता येतं!

तर यू आकाशातून पडत नाही. समीकरणात जो गठ्ठा पुन्हा पुन्हा दिसतो किंवा अडतो, त्याचं ते नाव आहे.

आता जिथे सगळे चुकतात ती जागा :

डीवाय/डीएक्स = (एक्स + वाय)²

गठ्ठा दिसतोच. यू = एक्स + वाय. माझ्या विद्यार्थिनीने लगेच लिहिलं, डीयू/डीएक्स = यू². चूक. आम्हा शिक्षकांना ‘बदली’ शब्द काही नवा नाही. बदली झाली की माणूस एकटा जात नाही, बिऱ्हाडही हलवावं लागतं. इथे वायची बदली केली, पण डीवाय/डीएक्स जुन्याच गावात राहिलं. यूचं अवकलन करा : डीयू/डीएक्स = १ + डीवाय/डीएक्स. म्हणून

डीयू/डीएक्स = १ + यू²

आता चलं वेगळी होतात. संकलन केलं की टॅन इन्व्हर्स यू = एक्स + सी, म्हणजे यू = टॅन (एक्स + सी). इथे थांबू नका. प्रश्न वायचा होता, यूचा नाही. वाय = टॅन (एक्स + सी) − एक्स.

पुस्तकातला ‘होमोजिनियस’ प्रकारही हाच, फक्त गठ्ठा वाय/एक्स असतो. ही युक्ती लायब्निट्सची, १६९१ ची. उदाहरणार्थ डीवाय/डीएक्स = १ + वाय/एक्स. वाय = व्ही × एक्स ठेवा. गुणाकार आहे, म्हणून बिऱ्हाड जरा मोठं : डीवाय/डीएक्स = व्ही + एक्स (डीव्ही/डीएक्स). दोन्हीकडचा व्ही उडतो, एक्स (डीव्ही/डीएक्स) = १ उरतं. एक्स धन धरला तर वाय = एक्स लॉग एक्स + सी एक्स. उत्तराचं अवकलन करून ताळा नक्की घ्या. आपण भागाकाराचा घेतो तसाच.

शेवटी मी तिला एक गणित दिलं : डीवाय/डीएक्स = १ − (एक्स − वाय)². तिने यू = एक्स − वाय ठेवलं, या वेळी १ विसरली नाही, डीयू/डीएक्स = यू² काढलं आणि उत्तर आणलं : वाय = एक्स + १/(एक्स + सी). ताळाही जुळला. मी म्हटलं, “आता नुसतं वाय = एक्स ठेवून बघ.” डावीकडे १, उजवीकडेही १! म्हणजे हेही उत्तर, पण सीची कोणतीही किंमत घेतली तरी तिच्या सूत्रातून ते निघत नाही.

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग हसली. “गुरुजी, मी यू² ने भागलं. तिथे यू शून्य असला तर?”

शून्याने भागायचं नाही, हे तिला चौथीत मीच शिकवलं होतं.